नाण्यांचा नाद

(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



आजच्या या कार्यक्रमात ‘माझा छंद’ या विषयावर चार शब्द बोलावेत, असा आदेश मला मुख्याध्यापकांकडून मिळाला. वास्तविक मी बी. ए., बी. एड. झालेला एक साधा शिक्षक. नाणकशास्त्राची कोणतीही पदवी माझ्याकडे नाही. पण गेली पंचवीस वर्षे मला जुनी नाणी जमविण्याचा नाद आहे. ‘नाद’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो. खऱ्या चांदीचा रुपया फरशीवर टाकला म्हणजे जो खणखणीत आवाज निघतो तोही नाद, आणि तो आवाज ऐकण्यासाठी माणूस घरखर्चाला कात्री लावतो तोही नादच! या छंदाने मला पुष्कळ आनंद दिला, थोडेफार शहाणपण दिले आणि एकदा खाली मान घालावयास लावली. हे तिन्ही आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

या नादाची सुरुवात माझ्या दादीच्या डब्यापासून झाली. माझे आजोबा बोटीवर खलाशी होते. कोकणातील आपल्या कितीतरी घरांतील कर्ते पुरुष त्या काळी बोटीवर असत. दर खेपेला घरी येताना त्यांच्या खिशात परदेशची चिल्लर उरे आणि ती दादीच्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जाऊन पडे. पावसाळ्याच्या दिवसांत बाहेर खेळता येत नसे, तेव्हा दादी तो डबा माझ्यापुढे ओतीत असे. भोक असलेली, कंगोरेदार, चौकोनी, काळी पडलेली अशी ती नाणी मी रंगाप्रमाणे, आकाराप्रमाणे लावीत बसे. दादीला अक्षरओळख नव्हती, पण भोकाचा तांब्याचा पैसा उचलून ती सांगे, “हा लढाईतला पैसा. तांबं कमी पडलं, म्हणून मधलं काढून घेतलं.” पुढे पुस्तकात वाचले, तेव्हा दादीचे म्हणणे अक्षरशः खरे निघाले. दुसऱ्या महायुद्धात धातूची टंचाई झाली आणि सरकारने १९४३ पासून भोक पाडलेला पैसा काढला. मला वाटते, इतिहासाचा माझा पहिला तास त्या पावसाळ्यात, त्या चटईवर झाला.

त्या डब्यात एक मोठे, जाडजूड चांदीचे नाणे होते. त्यावर एका भरदार बांध्याच्या बाईचा मुखवटा आणि साल १७८०. शाळेत असताना मी मित्रांना मोठ्या ऐटीत सांगत असे, की आमच्या घरी सव्वादोनशे वर्षांचे नाणे आहे. कॉलेजात असताना पुण्यातील एका वयोवृद्ध संग्राहकांना ते दाखविले. ते मिस्किलपणे हसले. ते नाणे म्हणजे ऑस्ट्रियाची राणी मारिया थेरेसा हिचा थेलर. राणी १७८० साली वारली. पण अरबस्तान, तांबड्या समुद्राचा किनारा आणि हबसाण येथील व्यापारी याच नाण्यावर विश्वास ठेवीत. म्हणून पुढे शेकडो वर्षे कोणत्याही साली पाडले तरी त्यावर १७८० हेच साल घालण्यात आले. १९४०-४१ मध्ये तर आपल्या मुंबईच्या टांकसाळीनेही ते पाडले. म्हणजे माझे पुरातन नाणे कदाचित मुंबईतच जन्मलेले असेल! माझी ऐट उतरली, पण त्याच दिवशी मला कळले, की नाणे खोटे बोलत नाही. त्याला प्रश्न कसा विचारावा हे आपल्याला ठाऊक नसते.

या छंदातील पहिला आनंद हा वाचण्याचा आहे. आपल्या मुलांपैकी अनेकांना उर्दू-अरबी लिपीची ओळख असते. ती ओळख किती उपयोगी पडते पहा. मोगलांच्या, पेशवाईतील आणि कंपनी सरकारच्या पहिल्या रुपयांवर मजकूर फारसीत आहे आणि साल हिजरी आहे. हिजरी साल चांद्र असल्यामुळे सुमारे अकरा दिवसांनी लहान असते. म्हणून त्याचे इसवी साल काढावयाचे तर हिजरी सालाला ३३ ने भागावे, आलेला भागाकार मूळ सालातून वजा करावा आणि ६२२ मिळवावेत. समजा, नाण्यावर १२१५ आहे. ३३ ने भागले, सुमारे ३७ आले. १२१५ मधून ३७ गेले, ११७८ राहिले. त्यात ६२२ मिळविले, १८०० आले. सातवीचा विद्यार्थी हे गणित करू शकतो आणि गणित सुटले की दोनशे वर्षांपूर्वीचे दार उघडते.

आणि त्या दारातून काय दिसते? आपण पुस्तकात राजांच्या लढाया वाचतो. नाणी मात्र राजांचा व्यवहार सांगतात. महंमद घोरीने उत्तर हिंदुस्थान जिंकला, तेव्हा त्याने काढलेल्या सोन्याच्या नाण्यांवर एका बाजूस बसलेली लक्ष्मी आहे आणि दुसऱ्या बाजूस नागरी लिपीत त्याचे नाव आहे. का? बाजारातील लोकांना तेच नाणे ओळखीचे होते, म्हणून. तिकडे मराठ्यांची सत्ता दिल्लीपर्यंत पोहोचली, तरी पेशवाईतील रुपयांवर दिल्लीच्या बादशहाचे नाव फारसीत आहे. पुण्याचा अंकुशी रुपया ओळखावयाचा तो अंकुशाच्या खुणेवरून. इंग्रजांनीही १८३५ पर्यंत शाह आलमच्या नावाने रुपये पाडले आणि त्यानंतर कोठे आपल्या राजाचा मुखवटा त्यावर आणला. तलवार कोणाचीही असो, बाजारात नाणे चालावयाचे तर लोकांचा विश्वास लागतो. हा धडा मला कोणत्याही पाठ्यपुस्तकात इतका स्वच्छ मिळाला नाही.

विश्वास गेला की काय होते, तेही नाणीच सांगतात. महंमद तुघलकाने १३२९-३० च्या सुमारास तांब्या-पितळेची नाणी काढून ती चांदीच्या टंक्याच्या भावाने घ्यावीत असा हुकूम केला. यांतील काही नाणी आपल्या दौलताबादेसही पाडली गेली. कल्पना अडाणी नव्हती. आजची नोट ही तरी दुसरे काय आहे? पण नक्कल रोखण्याची तजवीज नव्हती. घरोघर टांकसाळी निघाल्या आणि दोन-तीन वर्षांत सुलतानाला ती नाणी परत घेऊन खजिन्यातून सोने-चांदी मोजावी लागली. याउलट जहांगीर बादशहाचा रसिकपणा पहा. त्याने १६१८ पासून काही नाण्यांवर महिन्याच्या नावाऐवजी त्या महिन्याच्या राशीचे चित्र घातले. कोणावर सिंह, कोणावर मेंढा, कोणावर विंचू. निजामाच्या हैदराबादी नाण्यांवर ‘९२’ हा आकडा दिसतो. ते साल नव्हे. अब्जद पद्धतीने ‘मुहम्मद’ या नावातील अक्षरांची ती बेरीज आहे. पुढील काळातील चारमिनारच्या चित्रात कमानीमध्ये एक अक्षर दिसते. मीर उस्मान अली खानांच्या नाण्यावर ते ‘ऐन’ आहे. अशी एखादी खूण सापडली, की त्या दिवशी जेवणसुद्धा गोड लागते.

आपणांपैकी काही जण म्हणतील, ही श्रीमंतांची चैन आहे. नाही. आपल्या खिशातील चिल्लर काढा. सालाखाली बारीक खूण पहा. हिऱ्याची आकृती असेल तर नाणे मुंबईच्या टांकसाळीचे, चांदणी असेल तर हैदराबादचे, बारीक गोल टिंब असेल तर नोएडाचे, आणि काहीच खूण नसेल तर कोलकात्याचे. दमडीचाही खर्च न करता मुलाला हिंदुस्थानचा नकाशा खिशात मिळतो. आणि ‘दमडी’ हा शब्द तरी आपण विसरलो आहोत का? रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै, असा हिशेब १ एप्रिल १९५७ रोजी संपला आणि शंभर नव्या पैशांचा रुपया आला. पण आपण अजून ‘पै पै जोडतो’, ‘सोळा आणे खरे’ बोलतो आणि चार आण्यांच्या कोंबडीला बारा आण्यांचा मसाला घालतो. नाणी बाजारातून जातात. भाषेतून जात नाहीत. आखातात नोकरीस असलेल्या आपल्या बांधवांना आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. कुवेत, बहारीन, कतर येथे एके काळी आपलाच रुपया चालत असे. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या, १९६१ मध्ये कुवेतने स्वतःचा दिनार आणला आणि १९६५ मध्ये बहारीनने. आज आपण तिकडचे चलन घरी आणतो, आजोबांच्या वेळी आपले चलन तिकडे चालत होते.

हा झाला आनंद. आता दुःखाची बाजू. नाण्याला दोन बाजू असतात, हे मला नाण्यांनीच शिकविले.

पहिले दुःख माझ्या स्वतःच्या अडाणीपणाचे. अकरा वर्षांचा असताना एका ईदच्या आधी घरातील तांब्या-पितळेची भांडी घासली जात होती. मी दादीचा डबा घेऊन बसलो आणि चिंच, राख आणि काथ्याने प्रत्येक नाणे लखलखीत केले. राणी व्हिक्टोरियाचा पाव आणा सोन्यासारखा चमकू लागला. माझी छाती फुगली. पुढे त्याच पुण्याच्या संग्राहकांनी तो हातात घेतला आणि ते एवढेच म्हणाले, “बाळ, तू याचे वय पुसून टाकलेस.” शंभर वर्षांत तांब्यावर जो तपकिरी थर बसतो तो मळ नव्हे; तेच त्याचे कवच आणि तोच त्याच्या वयाचा दाखला. घासल्यावर ओरखडे राहतात आणि ते कधीही जात नाहीत.

दुसरे दुःख फसवणुकीचे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका जत्रेत मला १९३९ सालचा रुपया दिसला. हा रुपया फार दुर्मिळ, हे मी वाचले होते. विक्रेत्याने पंधराशे रुपये सांगितले. मी पगारातून दिले आणि घरी खोटे सांगितले, की शाळेसाठी नकाशे घेतले. दुसऱ्या दिवशी सोनाराच्या काट्यावर टाकला. असा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम भरावयास हवा. माझा साडेनऊ सुद्धा भरला नाही. पंधराशे रुपयांचे दुःख महिन्याभरात गेले. पत्नीशी खोटे बोललो, ते अजून गेलेले नाही. छंदाला लोभ चिकटला, की पहिला बळी खरेपणाचा पडतो.

लोभाचा आणखी एक प्रकार आपल्या समाजात विशेष बोकाळला आहे. ‘७८६’ क्रमांकाची नोट लाखो रुपयांना विकली जाते, अशी अफवा दर दोन वर्षांनी उठते. माझ्या एका नातेवाइकाने फोनवरील अनोळखी माणसाला ‘नोंदणी’, ‘कर’ असे म्हणत टप्प्याटप्प्याने अकरा हजार रुपये पाठविले. नोट घरातच राहिली, पैसे गेले. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीर निवेदन काढून सांगितले, की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांशी बँकेचा काहीही संबंध नाही आणि बँक त्यासाठी कोणाकडूनही शुल्क किंवा कमिशन मागत नाही. आपल्याला जो आकडा प्रिय आहे, त्याच आकड्याने आपल्याला ठकविले जाते, हे पालकांनी ध्यानात ठेवावे.

पण मित्रहो, या सगळ्याहून मोठे दुःख मी दुसऱ्याला दिलेले आहे, आणि ते सांगितल्याशिवाय हे भाषण अपुरे राहील.

२०१७ साली मी सातवीच्या वर्गाला इतिहास शिकवीत होतो. शिवाजी महाराजांच्या राज्यकारभाराचा पाठ चालू होता. मी वीस नाण्यांची पेटी वर्गात नेली. त्यांत एक शिवराई होती. एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’. महाराजांच्या पश्चातही ही नाणी दीर्घकाळ पाडली गेली आणि माझी शिवराई तशी मागाहूनचीच होती. तरी ती माझ्या संग्रहातील सर्वांत लाडकी. नाणी बाकांवरून हातोहात फिरली. तास संपला. मोजली, तर एकोणीस. शिवराई नाही.

शेवटच्या बाकावरील एका मुलाने ती फार वेळ हातात धरली होती, हे मी पाहिले होते. त्याचे वडील भाड्याची रिक्षा चालवीत. त्याचा गणवेश जुना, फी नेहमी उशिरा. आज मी स्वतःला विचारतो, त्याच्या जागी डॉक्टरांचा मुलगा असता तर मी तसे केले असते काय? मी त्याला पुढे बोलाविले आणि सर्वांसमोर त्याचे दप्तर रिकामे करावयास लावले. दप्तरात वह्या होत्या आणि फडक्यात बांधलेली भाकरी होती. “नीट आठव आणि उद्या सांग,” असे म्हणून मी निघून गेलो. तो काहीच बोलला नाही. दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

चौथ्या दिवशी हजेरीपटाचे खाकी वेष्टन फाटले म्हणून मी ते बदलावयास घेतले. वेष्टनाच्या आतून शिवराई टेबलावर पडली. नाणी गोळा करताना ती माझ्याच हातून तेथे सरकली होती.

संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. आईने खुर्ची दिली, चहा ठेवला. मुलगा आतून बाहेर येईना. मी तेथूनच मोठ्याने म्हणालो, “बाळ, चूक माझी होती. नाणे माझ्याजवळच होते.” बऱ्याच वेळाने तो दारात येऊन उभा राहिला. मी विचारले, “तू ते एवढा वेळ हातात का धरले होतेस?” तो म्हणाला, “सर, मी वाचत होतो. ‘राजा’ मला वाचता आलं.” वर्गात कधी तोंड न उघडणारा मुलगा! ज्या आनंदाबद्दल मी आपल्याला इतका वेळ सांगत आहे, नेमका तोच आनंद त्याला त्या मिनिटात झाला होता, आणि मी त्याला चोर ठरविले.

दुसऱ्या दिवशी मी पूर्ण वर्गासमोर त्याची माफी मागितली. शिवराई त्याला देऊ केली. त्याने घेतली नाही, म्हणून घरी जाऊन आईकडे दिली. ती माउली म्हणाली, “सर, ती तुमच्याकडंच असू द्या. आमच्या घरात दिसली, तर लोक म्हणतील, चोरलीच होती.” या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही. मुलाने मला माफ केल्याचे सांगितले. पुढे तो दहावी पास झाला. रस्त्यात भेटला तर आवर्जून सलाम करतो. पण त्या वर्षी त्याने पेटीला पुन्हा हात लावला नाही.

तेव्हापासून ती पेटी मी शाळेला देऊन टाकली. पेटीत प्रत्येक नाण्यासाठी क्रमांक घातलेला खळगा आहे. तास सुरू होण्यापूर्वी मुलेच मोजतात आणि संपल्यावर मुलेच मोजतात. कोणावरही संशय घेण्याची वेळ येऊ नये, एवढ्यासाठी ही व्यवस्था. वस्तू हरवली तर पुन्हा मिळू शकते. मुलाचा विश्वास हे नाणे एकदाच पाडले जाते.

विद्यार्थीमित्रहो, हा छंद लावून घ्यावयाचा असेल, तर थोडे नियम सांगतो. नाणे कडेने धरावे. बोटांचा घाम त्याला डाग पाडतो. घासू नये, आम्लात टाकू नये. मऊ प्लॅस्टिकच्या स्वस्त पाकिटांत ठेवल्यास तांब्यावर हिरवट चिकटा येतो. त्यापेक्षा साध्या कागदाचे पाकीट बरे. एक वही करावी आणि नाणे कधी, कोठे, कोणाकडून मिळाले ते लिहावे. महाग नाणे घेऊ नये. आधी वजन, मग किंमत. शेतात किंवा पाया खोदताना जुनी नाणी सापडली, तर ती वाटून घेऊ नयेत. १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचा असा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. वितळलेल्या नाण्याचे चार पैसे येतात, पण त्यावर लिहिलेला इतिहास कायमचा पुसला जातो. मुंबईस जाल तेव्हा छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील नाणी अवश्य पहा. समुद्र तर पाहतोच आपण.

पालकांना माझी एकच विनंती आहे. मुलाने नाणे आणून दाखविले, तर ‘याचे किती येतील?’ असे विचारू नका. ‘हे कोठले? कोणत्या सालचे? यावर काय लिहिले आहे?’ असे विचारा. आपल्या प्रश्नावरून मूल ठरविते, की जगात कशाला मोल आहे.

आणि शेवटी पुन्हा त्या डब्याकडे येतो. दादी २००९ साली वारली. डबा माझ्याकडे आला. त्यात तेवीस परदेशी नाणी आहेत. त्यांचा देश, धातू, साल हे सर्व मी पुस्तकांतून शोधून काढले आहे. पण आजोबांनी कोणते नाणे कोणत्या बंदरावर, कोणत्या दिवशी खिशात टाकले, त्या दिवशी समुद्र कसा होता, घरची आठवण आली होती का, हे दादीला ठाऊक होते. ती सांगत होती, तेव्हा मी नाणी रंगाप्रमाणे लावीत बसलो होतो. विचारावयाचे राहून गेले. माझ्या संग्रहातील ही उणीव कोणत्याही बाजारात विकत मिळणार नाही.

आपल्यापैकी ज्यांच्या घरी आजी-आजोबा, दादी-नानी आहेत, त्यांनी आज घरी गेल्यावर एक वही आणि एक पेन्सिल घेऊन त्यांच्याजवळ बसावे. घरात नाणी निघोत वा न निघोत. त्यांना बोलते करावे आणि ते सांगतील ते लिहून ठेवावे. माझ्या छंदातून मी आपल्याला देण्यासारखे एवढेच आहे.